गाडी ठोकली, चालवत होती लेक (लर्निंग लायसन). क्लेम फॉर्मवर ड्रायव्हर म्हणून कुणाचं नाव लिहू?

कृष्णाकाठची | सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, पण आज लिहायची वेळ आली.

काल रविवारी सकाळी सात वाजता सांगली-मिरज रोडवर, विश्रामबागच्या थोडं पुढे, आमची स्विफ्ट दुभाजकावर चढली. लेक (वय १९) चालवत होती, शेजारी मी. उलट्या बाजूने एक दुचाकीवाला आला, त्याला वाचवायला तिने उजवीकडे घेतली आणि धाडकन. दुचाकीवाला थांबलाही नाही. आम्ही दोघी ठीक आहोत. तिच्या मनगटाला मुका मार आहे, बाकी काही नाही. गाडीचा मात्र पुढचा बंपर, ग्रिल, उजवा हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट असं बरंच गेलंय. खालून पाणी गळत होतं म्हणून चालू न करता टोइंगने गॅरेजला नेली. दुपारीच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून क्लेम नंबर घेतला.

आता खरा प्रश्न. लेकीचं पक्कं लायसन नाही. लर्निंग आहे, सप्टेंबरमध्ये काढलंय. आज गॅरेजमधले सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणाले, "मॅडम, लर्निंग दाखवलं की क्लेम रिजेक्ट. ड्रायव्हरच्या रकान्यात तुमचं नाव टाका, तुमच्या लायसनची झेरॉक्स द्या, विषय संपला. सगळे असंच करतात." गाडी आणि पॉलिसी ह्यांच्या नावावर आहे. हे वापीला असतात. फोनवर म्हणाले, गॅरेजवाल्याला रोजचा अनुभव आहे, त्याचं ऐक.

एस्टिमेट ७५,००० चं आहे. फॉर्म उद्या द्यायचाय. लेक काल दुपारपासून जेवली नाही नीट. तिला वाटतंय तिच्यामुळे सगळे पैसे गेले. काय करू?

---

नानी_कोथरूड | रात्री १०:३१

आधी तिला जेवायला घाल. पत्रा काय, ठोकून सरळ होतो. आणि मनगटाचा एक्स-रे काढलास का? मुका मार म्हणून सोडू नकोस, माझ्या भाच्याचं तिसऱ्या दिवशी फ्रॅक्चर निघालं होतं.

---

बिनधास्त_बंड्या | रात्री १०:४०

ताई, एवढा विचार कसला? तुमचं नाव टाका आणि मोकळ्या व्हा. शेजारी तुम्हीच होता ना? जागा बदलली समजा. कंपनीवाले वर्षानुवर्षं आपले हप्ते खातात, तेव्हा त्यांना सत्य आठवत नाही. माझ्या मेव्हण्याने दोनदा असं केलंय, दोन्ही वेळा पैसे मिळाले.

---

तिसरा_डोळा | रात्री ११:०५

ताई, थांबा. उद्या फॉर्म देण्याआधी हे वाचा. मी तीस वर्षं मोटार सर्व्हेअर (क्लेममधलं गाडीचं नुकसान तपासणारा) होतो, आता घरी बसून नातवंडांच्या सायकलींचे सर्व्हे करतो.

लर्निंग लायसन म्हणजे क्लेम गेलाच, हे अर्धवट ज्ञान आहे. तुमची पॉलिसी उघडा आणि 'ड्रायव्हर्स क्लॉज' शोधा. बहुतेक खासगी गाड्यांच्या पॉलिसीत एकाच धाटणीची भाषा असते. अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे वैध लायसन हवं, आणि त्याच्या पुढेच असतं की वैध लर्निंग लायसन असलेली व्यक्तीही चालवू शकते, मात्र तिने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ पाळलेला हवा.

नियम ३ काय म्हणतो? लर्निंग लायसन चालू मुदतीतलं हवं. शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस हवा, तोही गाडी आवरता येईल अशा जागी. मागच्या सीटवर झोपलेला काका चालत नाही. आणि गाडीच्या पुढे व मागे, दोन्हीकडे, पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. पाटी १८ सेंटिमीटर चौरसापेक्षा लहान नको.

हे सगळं असेल तर तुमचा क्लेम खरं बोलूनच उभा राहतो. म्हणजे गॅरेजवाला तुम्हाला ज्या खड्ड्यातून काढतोय तो खड्डा तिथे नाहीच. उलट खोटं नाव लिहिलंत तर नवा खणाल.

तीन प्रश्नांची उत्तरं द्या. एल लावला होता का, पुढे-मागे दोन्हीकडे? तुमचं स्वतःचं लायसन मुदतीत आहे का? आणि हेल्पलाइनवर 'गाडी कोण चालवत होतं' या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत?

---

कृष्णाकाठची | रात्री ११:३८

आबा (म्हणू का?), तुमचा तिसरा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. मी फोनवर सरळ सांगितलं होतं, "मुलगी चालवत होती." लर्निंगचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तो फोन रेकॉर्ड होतो ना?

माझं लायसन २०३१ पर्यंत आहे.

एल होता. मीच कार्डबोर्डवर छापून चिकटवला होता, पुढे बंपरवर आणि मागे काचेवर. पण पुढचा बंपरच फुटलाय.

---

तिसरा_डोळा | रात्री ११:४९

आबा चालेल.

फोन रेकॉर्ड होतो. "मुलगी चालवत होती" असं आवाजात, आणि फॉर्मवर "मी चालवत होते" असं सहीनिशी. ही दोन कागदं एका फाइलमध्ये आली की सर्व्हेअरला वेगळा पुरावा शोधायची गरज उरत नाही. खोट्या निवेदनावर क्लेम नाकारायला कंपनीला एवढं पुष्कळ झालं. आणि मग लर्निंग वैध होतं की नाही याची चर्चाच होत नाही, कारण आता मुद्दा लायसनचा राहत नाही, खोटं बोलण्याचा होतो.

फुटलेला बंपर कुठे आहे? घटनास्थळाचे फोटो काढले होते का?

---

कृष्णाकाठची | मंगळवार, २५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

फोटो सापडला! लेकीने काढलेले चार आहेत. मी तेव्हा पाण्याची बाटली शोधत होते, मला सुचलंच नव्हतं. एकात बंपर दुभाजकावर लटकलेला आहे आणि त्यावर अर्धा एल दिसतोय. खालची आडवी रेघ तुटलीय, त्यामुळे तो 'आय' सारखा दिसतो :) मागच्या काचेवरचा अख्खा आहे, नंबर प्लेटसकट.

लेकीला दाखवलं. रविवारपासून पहिल्यांदा हसली.

---

डेंटपेंट_कोल्हापूर | सकाळी ८:१५

ओ ताई, मी स्वतः वर्कशॉपला आहे (तुमच्या नाही!), म्हणून आमच्या बाजूचंही सांगतो. अॅडव्हायझर वाईट माणूस असतो असं नाही. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं आणि फ्लोअरवर जागा नसते. क्लेमला क्वेरी लागली की तुमची गाडी पंधरा दिवस कामाची जागा अडवून बसते. म्हणून तो सगळ्यात सरळ रस्ता सांगतो. तो त्याच्यासाठी सरळ असतो. सही तुमची, तो नामानिराळा.

दोन गोष्टी आजच करा. सर्व्हेअर येईपर्यंत गाडी खोलू देऊ नका. "नुसतं बंपर काढून बघतो" म्हणतात, नको म्हणा. आणि जुने पार्ट टाकू देऊ नका, नंतर री-इन्स्पेक्शनला (फेरतपासणीला) लागतात. तो फुटका बंपर तर आता तुमचा साक्षीदार आहे, त्याला पोत्यात बांधून ठेवायला सांगा.

सर्व्हे झाल्यावर, त्यांच्या परवानगीने खोललं की आतलं आणखी निघतं. समोरून धडक असेल तर एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, तो हमखास. त्याचं सप्लिमेंटरी (पुरवणी) एस्टिमेट लगेच मेल करायला लावा. काम झाल्यावर सांगितलं तर मिळत नाही.

---

बिनधास्त_बंड्या | सकाळी ९:०२

एवढं सगळं करून शेवटी कंपनी म्हणणार 'एल १७ सेंटिमीटरचा होता'. बघालच.

---

सातारारोड | सकाळी ९:४०

बंड्याभाऊ, तुमच्या मेव्हण्याचं नशीब चांगलं. माझ्या चुलतभावाचं नव्हतं. गाडी चालवत होता त्याचा मित्र, लायसन संपून बारा दिवस झालेले. फॉर्मवर भावाने स्वतःचं नाव लिहिलं. मित्राच्या कपाळाला तीन टाके पडले होते आणि दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, "कार चालवताना अपघात, स्टिअरिंगवर डोकं आपटलं." वैद्यकीय खर्चासाठी तोच कागद भावाने स्वतःच्या हाताने जोडला! दोन लाख दहा हजारांचं बिल खिशातून भरलं. तो अजूनही कंपनीला शिव्या देतो, कागद जोडल्याबद्दल स्वतःला नाही.

---

अॅड_कोर्टकचेरी | सकाळी १०:२०

वरच्या प्रतिसादातल्या बारा दिवसांबद्दल. पूर्वी लायसनची मुदत संपल्यावरही ३० दिवस ते चालू धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आता मुदतीच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं, पण मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून लायसन नाही असंच धरा. अनेकांना अजून जुनंच माहीत आहे. हा धागा वाचणाऱ्यांनी आत्ता उठून पाकीट उघडून तारीख बघावी.

ताईंच्या प्रकरणात तिसरं कुणी जखमी नाही, त्यामुळे पोलिसांत गुन्हा नोंदवण्याचा प्रश्न सहसा येत नाही. दुभाजक फुटला असेल आणि महापालिकेने भरपाई मागितली तर ती स्वतः देऊ नका, कंपनीला कळवा. तिसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान पॉलिसीत येतं, खासगी गाडीला सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंत.

---

कृष्णाकाठची | सकाळी ११:१५

दुभाजकाला एक ओरखडा आहे. आणि त्यावर आधीच्या वीस गाड्यांचे ओरखडे आहेत.

फॉर्म भरला. ड्रायव्हर: लेकीचं नाव. लायसनचा प्रकार: लर्निंग. 'अपघात कसा झाला' या रकान्यात जागा चार ओळींची, मी मागे कागद जोडला. शेजारी मी होते, माझा लायसन नंबर, एल दोन्हीकडे, फोटो जोडले. ह्यांची सही हवी म्हणून स्कॅन करून वापीला पाठवला. हे म्हणाले, "बघ, अडकशील." मी म्हटलं अडकले तर तुमच्या गाडीत अडकेन.

---

हिशेबनीस | दुपारी १:३०

आता पैशांचं बोलू, कारण 'क्लेम मंजूर' याचा अर्थ '७५,००० मिळाले' असा लोक धरतात आणि मग गॅरेजच्या काउंटरवर भांडतात. ताई, झिरो डेप (पार्ट जुना म्हणून होणारी कपात, म्हणजे घसारा, न लावणारं जादा कव्हर) आहे का? आणि एस्टिमेटची फोड द्याल?

---

कृष्णाकाठची | दुपारी २:०५

झिरो डेप नाही. गेल्या रिन्यूअलला ह्यांनी काढलं, अठराशे रुपये वाचले म्हणून.

फोड (जीएसटी धरून): प्लास्टिकचे भाग २२,०००, धातूचे ३०,०००, मजुरी ९,०००, रंगकाम १२,०००, कूलंट-गॅस-नटबोल्ट वगैरे २,०००. गाडीची नोंदणी जानेवारी २०२२ ची.

---

हिशेबनीस | दुपारी ३:१०

छान, स्वच्छ फोड आहे.

प्लास्टिक, रबर, बॅटरी यांवर गाडी कालची असली तरी निम्मा घसारा. म्हणजे २२ चे ११ हजार. हेडलाइटही यातच धरतात, कारण आजकालची हेडलाइटची 'काच' ही काच नसतेच. खऱ्या काचेला घसारा शून्य, म्हणून तर लोक तिथे वाद घालतात.

धातूचा घसारा वयावर. पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, मग १०, १५, आणि तीन ते चार वर्षांत २५. तुमची गाडी तीन वर्षं दहा महिन्यांची. ३० हजारांतून साडेसात गेले, उरले साडेबावीस. अपघात फेब्रुवारीत झाला असता तर ३५ टक्के कापले असते, म्हणजे मुहूर्त त्यातल्या त्यात बरा साधलात.

मजुरी पूर्ण. रंगकामात गंमत आहे. एकूण बिलाच्या २५ टक्के हा रंगाच्या मालाचा खर्च धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. १२ हजारांत माल ३ हजार, कापले दीड, मिळाले साडेदहा. कूलंट-नटबोल्ट ही वापरून संपणारी वस्तू, वेगळं कव्हर नसेल तर शून्य.

बेरीज ५३,०००. त्यातून सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. राहिले ५२,०००. भंगाराचे थोडे कापतील. म्हणजे तुमच्या खिशातून २३-२४ हजार धरून चाला.

आणि अठराशे रुपयांच्या बचतीबद्दल मी काही बोलत नाही. संसार तुमचा आहे.

---

नवीन_गाडीवाला | दुपारी ४:४४

मग छोट्या ओरखड्यांना क्लेम करावा का? एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो म्हणतात.

---

हिशेबनीस | सायंकाळी ५:२०

ताईंचंच उदाहरण घ्या. चालू वर्षी ३५ टक्के सूट आहे, क्लेम नसता तर जानेवारीत ४५ आणि मग ५० वर स्थिर. क्लेम केला की जानेवारीत शून्य, पुढे २०, २५, ३५, ४५. दर वर्षीचा फरक मांडा: ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२० टक्के. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. तो हप्ता समजा ७,००० असेल, तर पाच वर्षांत मिळून ८,४०० चा फटका. दर वर्षी गाडीची किंमत उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमीच.

तेव्हा ५२ हजारांसाठी क्लेम करा. पार्किंगमध्ये खांबाला घासलं, सहा हजारांचं काम आहे, तर गपचूप खिशातून द्या.

---

पिंपरीचा_पम्या | रात्री ८:१०

थोडं अवांतर. मला गेल्या आठवड्यात सिग्नलला मागून टेम्पोने ठोकलं. चूक शंभर टक्के त्याची. तो म्हणतो पाच हजार घ्या आणि मिटवा. डिकी उघडत नाही. त्याच्या विम्यातून मला मिळू शकतं ना?

---

अॅड_कोर्टकचेरी | रात्री ८:५५

मिळू शकतं, पण त्याच्या कंपनीला फोन करून नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. चूक त्याची होती हे तुम्हाला दाखवावं लागेल. फक्त पत्र्याचं नुकसान असेल तर बहुतेक लोक स्वतःच्या पॉलिसीतून घेतात आणि वैतागून गप्प बसतात. व्यवहार म्हणून ते चूकही नाही. पाच हजार घेऊन 'आपसात मिटलं' असं लिहून दिलंत तर मात्र आपल्या कंपनीला तो कागद अडचणीचा होतो, कारण पैसे दिल्यावर टेम्पोवाल्याकडून वसूल करण्याचा हक्क त्यांचा असतो. आधी कंपनीला विचारा, मग सही.

माणूस जखमी असेल तर हे सगळं गणित विसरा. आधी १०८, दवाखाना, पोलीस. तिथे मिटवामिटवी करायची नाही.

---

वांगीभरीत | रात्री ९:३०

सांगली-मिरज रोडवर उलट्या दिशेने येणाऱ्यांचं काय ते कुणी बोलणार आहे का? पन्नास मीटर पुढचा कट गाठायला ह्यांचे पाय मोडतात. परवा तर एकजण उलटा येऊन मलाच हॉर्न मारत होता.

बिनधास्त_बंड्या | रात्री ९:३६

उलटा येणारा नेहमी घाईत असतो, कारण पुढे जाऊन पानटपरीवर तासभर उभं राहायचं असतं.

धागाराखण | रात्री ९:५०

वाहतुकीसाठी वेगळा धागा आहे, तिथे तीनशे प्रतिसाद आधीच झालेत. इथे विम्याचं बोलू या.

---

कृष्णाकाठची | बुधवार, २६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सर्व्हेअर येऊन गेले. तरुण होते, शांत. गाडीचे पन्नासेक फोटो काढले. चासी नंबर, मीटर रीडिंग, पोत्यातला बंपर. मागच्या काचेवरच्या एलला टेप लावून मापलं! (बंड्याभाऊ, साडेएकोणीस निघालं.)

मग लेकीला बोलावलं. मी म्हटलं मी सांगते, ते म्हणाले, "नको काकू, त्यांना सांगू दे." तिने सगळं सांगितलं. वेग किती, कुठल्या गिअरमध्ये, ब्रेक दाबला की क्लच. ती म्हणाली, "दोन्ही दाबले आणि डोळे मिटले." ते हसले नाहीत. लिहून घेतलं, सही घेतली. जाताना म्हणाले, मी माझा रिपोर्ट देतो, निर्णय कंपनीचा.

अॅडव्हायझरचा चेहरा उतरलेला. "बघा मॅडम, आता उशीर झाला तर मला सांगू नका."

---

तिसरा_डोळा | रात्री १०:००

ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबले हे जिने सांगितलं तिच्या बाकीच्या जबाबावर सर्व्हेअर शंका घेत नाही. पढवलेला माणूस नेहमी '४० च्या वेगात होतो' म्हणतो. माझ्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या सगळ्या गाड्या ४० नेच धडकल्या.

आता मुदती लक्षात ठेवा. क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा, रिपोर्ट मिळाल्यावर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) २०२४ च्या परिपत्रकात हे आहे. रिपोर्टची प्रत मागा, तुम्हाला मागता येते. आणि गॅरेजशी बोलणं फोनवर झालं तरी कंपनीशी सगळं मेलवर.

---

कृष्णाकाठची | मंगळवार, २ डिसेंबर, सायंकाळी ६:४०

झालं. कंपनीचा मेल आला. "अपघातसमयी चालक शिकाऊ परवानाधारक असल्याचे निदर्शनास आले आहे. पॉलिसीच्या अटींचा भंग झाल्याने क्लेम का नाकारू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा."

ह्यांचा फोन आला. "सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत, पण न म्हणण्यातून म्हणाले. लेक खोलीत गेलीय. मला रडू येतंय खरं तर. गॅरेजवाला म्हणतो अजून फॉर्म बदलता येईल का बघू.

---

तिसरा_डोळा | सायंकाळी ७:०५

फॉर्म बदलायचं नावही काढू नका.

हे नकारपत्र नाही, खुलासापत्र आहे. कुणीतरी टेबलावर बसून 'लर्निंग' शब्द बघितला आणि ठरलेला मसुदा पाठवला, रिपोर्ट पूर्ण वाचला असेलच असं नाही. उत्तर छोटं लिहा. रागाचं एकही वाक्य नको. पॉलिसीतला ड्रायव्हर्स क्लॉज शब्दशः उतरवा, पान नंबरासह. त्याखाली: लर्निंग लायसन अमुक तारखेपर्यंत वैध, प्रत जोडली आहे. शेजारी पक्कं लायसन असलेली आई, प्रत जोडली आहे. पुढे-मागे एल, घटनास्थळाचे फोटो मूळ फाइलसह जोडले आहेत, त्यात तारीख-वेळ आहे. सर्व्हेअरने मोजमाप घेतलं आहे. म्हणून क्लॉजचं पूर्ण पालन झालं आहे, कोणत्या अटीचा भंग झाला ते नेमकं कळवावं. बस.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्यांना अट दाखवावी लागेल, आणि ती नाही.

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो पाठवू नका, त्यातली वेळेची माहिती निघून जाते. लेकीच्या फोनमधलाच पाठवा.

---

अॅड_कोर्टकचेरी | सायंकाळी ७:४०

आबांशी सहमत. एक प्रत कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ठेवा. उत्तर समाधानकारक आलं नाही तर आयआरडीएआयचं 'बिमा भरोसा' हे तक्रारींचं पोर्टल आहे, १५५२५५ हा नंबर आहे. त्यानंतर विमा लोकपाल. सांगलीला पुण्याचं कार्यालय लागतं. कंपनीने नाकारलं किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही की जाता येतं, एक वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही (माझ्याच पोटावर पाय, पण खरं आहे). ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

पण तिथवर जावं लागणार नाही असं वाटतं.

---

नानी_कोथरूड | रात्री ८:१५

आणि त्या पोरीला सांग, पत्र तिला आलेलं नाही, गाडीला आलंय.

---

कृष्णाकाठची | सोमवार, ८ डिसेंबर, दुपारी १२:२०

मंजूर!!

मेल तीन तारखेला पाठवला होता, दीड पान. आज उत्तर आलं, दीड ओळ. "सादर केलेल्या कागदपत्रांच्या आधारे क्लेम पुढील प्रक्रियेसाठी मंजूर करण्यात येत आहे." दिलगिरी वगैरे काही नाही. गॅरेजला कामाची परवानगी गेली.

---

डेंटपेंट_कोल्हापूर | दुपारी १२:५०

लई भारी! आता खोलताना समोर उभ्या राहा. कंडेन्सर बघा.

---

कृष्णाकाठची | शुक्रवार, १९ डिसेंबर, रात्री ८:३०

गाडी आज घरी आली. हिशेब देते, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

कंडेन्सर निघालाच, ६,००० चा. त्याच दिवशी सप्लिमेंटरी मेल केलं, सर्व्हेअरनी व्हिडिओ कॉलवर बघून घेतलं. उजवं फेंडर नवीन टाकायचं एस्टिमेट ४,००० चं होतं, ते त्यांनी मान्य केलं नाही, ठोकून सरळ होतंय म्हणाले. त्याची मजुरी १,२०० वाढली. गॅरेजवाला कुरकुरला, पण झालंय व्यवस्थित, हात फिरवून बघितला.

एकूण बिल ७८,२००. कंपनीने गॅरेजला परस्पर दिले ५३,८००, भंगाराचे ९०० कापून. आम्ही भरले २४,४००. हिशेबनीस, तुम्ही २३-२४ म्हणाला होतात! नुसता घसाराच साडेवीस हजारांचा आहे. मी ती ओळ पिवळ्या रंगाने रंगवून ह्यांना पाठवली. खाली काही लिहिलं नाही.

अॅडव्हायझर चावी देताना म्हणाले, "मॅडम, तो क्लॉज कुठल्या पानावर असतो? मला फोटो पाठवा." पाठवला.

---

बिनधास्त_बंड्या | रात्री ९:१०

अभिनंदन ताई. आबा, एक खासगी निरोप पाठवलाय. मेव्हण्याचं जरा काम आहे. तिसऱ्यांदा केलंन त्याने, आणि या वेळी कंपनीने टोल नाक्यावरचा फोटो मागवलाय.

---

तिसरा_डोळा | रात्री ९:२५

वाचला. फॉर्म अजून दिला नसेल तर उद्या सकाळी फोन करा. दिला असेल तर वकीलसाहेबांना करा.

ताई, जानेवारीत रिन्यूअल आहे ना?

---

कृष्णाकाठची | रात्री ९:४०

हो. एनसीबी शून्य, झिरो डेपसकट. फॉर्म ह्यांनीच भरून पाठवला, मला फक्त 'बघ' म्हणाले.

लेकीची पक्क्या लायसनची टेस्ट मंगळवारी आहे. आज संध्याकाळी कॉलनीत दोन चकरा मारल्या. नवीन बंपरवर एल तिने स्वतः लावला, पट्टीने मोजून.